फक्त दोघांपुरतं

आमच्या घरात दोन माणसांचा टोप नाही. माळ्यावर जर्मनचे टोप आहेत, तांब्याचे आहेत, कल्हई उडालेले आहेत, एकात तर लहानपणी मला आंघोळ घातलेली आहे. पण त्यातला सगळ्यांत धाकटा काढला तरी पंधरा माणसांचं कालवण त्यात आरामात होतं. मरोळ गावठाणातल्या आमच्यासारख्या बहुतेक घरांत हीच स्थिती. साष्टीतल्या आमच्या वाडवडिलांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली त्या मुहूर्तावर, संस्था स्थापन केली आणि यापुढे आपण 'ईस्ट इंडियन' असं ठरवून टाकलं. नोकरीधंद्यासाठी मुंबईत आलेल्या गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती मंडळींत आपला घोळ होऊ नये, इतका दूरचा विचार त्यांनी केला. पुढेमागे मुलं परदेशी जातील, घरात दोनच माणसं उरतील, तेव्हा एखादा लहान टोपही घेऊन ठेवावा, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्यामुळे नोव्हेंबर संपता संपता बायको म्हणाली, "यंदा नाताळ छोटा. आपण दोघंच," तेव्हा मी आधी माळ्याकडे पाहिलं.

कारण सरळ होतं. मुलगी टोरांटोला, तिला रजा नाही. मुलगा मेलबर्नला, त्याला रजा आहे, पण डिसेंबरातली तिकिटं महाग. "पुढच्या वर्षी नक्की" हे वाक्य दोघंही आता इतक्या सफाईनं म्हणतात की शेवटी 'आमेन' तेवढं म्हणायचं बाकी असतं.

"म्हणजे काय काय करायचं?" मी विचारलं.

"विशेष काही नाही रे. थोडं सारपातेल, बदकाची मोयली, चार फुग्या, मूठभर कलकल, थोड्या नेवऱ्या, एखादा केक. दोन म्हाताऱ्या माणसांना लागतं काय?"

मी सगळी नोकरी एका कंपनीच्या हिशेबखात्यात केली. 'थोडं', 'चार', 'मूठभर', 'एखादा' असं कोणी बोललं की माझं रक्त खवळतं. मी म्हटलं, "या वेळचं नियोजन माझ्यावर सोड. शास्त्रशुद्ध करू. एक दाणा उरणार नाही, एक दाणा कमी पडणार नाही." ती "बरं" म्हणाली. गच्चीवरची टाकी मी स्वतः साफ करतो म्हटल्यावर ती ज्या सुरात "बरं" म्हणते आणि मग प्लंबरला फोन लावते, तो हा सूर.

पाककृतींची वही सासूबाईंची. निळ्या शाईची, सिरक्याचे डाग पडलेली, आणि सगळी प्रमाणं वीस माणसांची. सारपातेल : पाच किलो. मी शेजारी कागद घेतला, आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदाच मनापासून त्रैराशिक मांडलं. वीस माणसांना पाच किलो, तर दोन माणसांना किती? अर्धा किलो. सुटलं! मग मला कोण आवरतो? बाटली मसाला बारा चमचे, म्हणजे एक चमचा आणि वर एक पंचमांश. केकला सहा अंडी, म्हणजे दोघांना शून्य पूर्णांक सहा दशांश अंडं. तीन तास मंद आचेवर शिजवणे, म्हणजे अठरा मिनिटं.

"अठरा मिनिटांत डुक्कर पकडूनही होत नाही, शिजेल काय?" बायको खांद्यावरून डोकावत म्हणाली.

पुढच्या पानावर मोयली होती आणि तिथे वजनमापं संपून मुठी सुरू झाल्या. आल्याचे काप दोन मुठी, लसणाचे दोन मुठी.

"मूठ कोणाची?"

"आईची."

"म्हणजे साधारण केवढी?"

"तुला ठाऊक असायला हवी. लग्नाआधी आपल्याला बँडस्टँडला बघितलं तेव्हा तुझ्याच पाठीत बसली होती."

मला आठवली. त्या मुठीचा एक दशांश काढायचं धाडस झालं नाही. तो रकाना मी कोरा सोडला.

बाटली मसाल्याच्या वाटेला तर जायचंच नसतं. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, गहू, चणे, दगडफूल, नागकेशर असे वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचे, उजेड लागू नये म्हणून. प्रत्येक घराचं प्रमाण निराळं आणि गुप्त. आमच्या घरचं इतकं गुप्त की चाळीस वर्षांच्या संसारानंतरही मला ते सांगण्यात आलेलं नाही. मध्ये एकदा गॅसचा पाइप तपासायला आलेल्या मुलानं फळीवर ओळीनं लावलेल्या त्या बाटल्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं आणि जाताना बायकोला हळूच म्हणाला, "मावशी, आमच्या काकांनी पण सोडली. सुटते."

कागद खिशात घालून मी कोल्ड स्टोरेज गाठलं. डिसेंबरात पोर्कच्या दुकानापुढची रांग ही रांग नसते, ती ग्रामसभा असते. कोणाचा मुलगा आला, कोणाची सून येणार, कोणाच्या जागेवर बिल्डरचा डोळा आहे, सगळं तिथं कळतं. माझा नंबर आला.

"बोला अंकल, किती?"

"अर्धा किलो."

"अर्धा किलो कलेजी. आणि मांस?"

"सगळं मिळून अर्धा किलो."

त्यानं सुरा खाली ठेवला. मागची ग्रामसभा गप्प झाली.

"अंकल, घरी सगळं ठीक आहे ना?"

मी कागद काढून त्याला त्रैराशिक समजावून सांगितलं. मांस इतकं, कलेजी इतकी, हृदय इतकं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डुकराला हृदय एकच असतं, अंकल. त्यातला दहावा हिस्सा तुम्हाला दिला, तर बाकीचं मी कोणाला विकू?" माझ्या मागच्या बाईंनी तेवढ्यात दुसऱ्या बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. मला त्यातला 'पेन्शन' एवढाच शब्द ऐकू आला. मी तीन किलो घेऊन बाहेर पडलो. हृदय अख्खं.

मग बदक. खरं तर मी कोंबडी सुचवून पाहिली होती. कोंबडी अर्धी मिळते, पाव मिळते, नुसत्या तंगड्या मिळतात. दोघांच्या संसारासाठीच देवानं ती घडवली असावी. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "नाताळला कोंबडी? का, आपण आजारी आहोत?"

बदकवाल्याकडे पाटीत पाय बांधलेल्या जोड्या बसल्या होत्या.

"एक द्या."

"जोडी मोडत नाही, साहेब."

"अहो, दोनच माणसं आहोत आम्ही."

"ते बरोबर आहे. पण एक तुम्ही नेलं, तर दुसरं एकटं काय करणार?"

ज्याच्या एका हातात सुरी होती आणि पायाशी पिसांचा ढीग होता, त्याच्या तोंडून बदकाच्या एकटेपणाची काळजी ऐकून मी विरघळलो. आमच्या दोन्ही मुलांना सुचलं नाही ते या माणसाला सुचलं होतं. मी जोडी घेतली. घरी आल्यावर बायको रागावेल असं वाटलं होतं; तिनं पिशवीत डोकावून इतकंच म्हटलं, "मग बटाटे जास्त लागतील. आणि सिरका."

केकचं गणित त्याहून अवघड. ऑगस्टमध्ये, मुलं येणार ही आशा अजून जिवंत असताना, तिनं मनुका, बेदाणे, चेरी, संत्र्याची साल असा दोन किलो ऐवज रममध्ये भिजत घातला होता. चिनीमातीच्या बरणीत तो चार महिने मुरला होता आणि स्वयंपाकघरात शिरलं की डोकं हलकं होत होतं. मी म्हटलं, पाव किलो काढू, बाकी पुढच्या वर्षी. ती म्हणाली, पुढच्या वर्षीपर्यंत टिकवायचं तर वरून आणखी रम ओतावी लागेल. म्हणजे केक कमी करायचा तर खर्च वाढत होता. हा प्रकार मी नोकरीत अनेकदा पाहिला आहे, त्याला काटकसरीची मोहीम म्हणत.

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. १९४९ चा कायदा आहे. हे बऱ्याच जणांना माहीत असतं आणि तरी ते पिशवीत बाटली टाकून मजेत घरी जातात. माझ्या हातून असलं काही होत नाही. मी दुकानदाराला सांगितलं, "एक दिवसाचा परवाना फाडा."

"कोणाच्या नावानं?"

"मी पीत नाही. केकसाठी हवी आहे."

त्यानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "केकला पंचवीस पूर्ण झाली का?"

रांगेतल्या बाकीच्यांनी ती गोष्ट गावठाणभर केली. पण त्याहून वेगानं पसरली ती पहिली बातमी. हे दोघंच आहेत. मुलं आली नाहीत. अर्धा किलो मागत होता बिचारा. आमच्या रस्त्यावर माणसं आता मला पाहून चालायचा वेग कमी करू लागली. समोरच्या सोसायटीतल्या काकू, ज्यांनी पाण्याच्या मोटरवरून माझ्याशी दोन वर्षं अबोला धरला होता, त्या स्वतः फाटकाशी आल्या.

"ऐकलं मी. एकटेच आहात म्हणे नाताळला."

"एकटे कुठे? दोघं आहोत."

"तेच ते हो. दोघंच म्हणजे एकटेच की." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "काही काळजी करू नका. आम्ही येऊ."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी ते दुःखानं उघडलं असं समजून आणखी एकदा पदर लावला.

असं दिवसाला एक तरी कुटुंब येऊन आमचं सांत्वन करून जाऊ लागलं. आपल्याकडे कोणी आजारी पडलं, कोणी वारलं, कोणी नापास झालं, तर लोक जेवण घेऊन येतात. आमचं तसलं काहीच झालेलं नसल्यामुळे लोक नुसते यायचं म्हणत होते. उत्तनहून माझ्या मावशीचा फोन आला. वय ब्याऐंशी, आवाज बारा मैल जाणारा. "मी असताना तुम्ही एकटे जेवणार? मेलेय का मी?" या प्रश्नाला उत्तर एकच असतं आणि ते दिल्यावर मावशी येते.

इकडे फ्रीजवर डब्यांचा मनोरा उभा होता. दिवाळीला शेजाऱ्यांकडून फराळ आला होता, त्याचे हे डबे. आणि डबा रिकामा परत करायचा नसतो, हा नियम दहा आज्ञांत नाही तो केवळ मोझेसचं सासर मुंबईत नव्हतं म्हणून. नाताळ छोटा झाला म्हणून डबे छोटे होत नाहीत. तळमजल्याच्या वहिनींनी दिवाळीला दोन किलोच्या डब्यात चार चकल्या पाठवल्या होत्या. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता तो डबा नेवऱ्यांनी भरता भरता त्या बाईंची दूरदृष्टी ध्यानात आली. तिसऱ्या मजल्याचं कुटुंब अंडंही खात नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं पीठ, वेगळी कढई, वेगळं तेल. माझ्या कागदावर 'माणसं : २' च्या खाली मी पेन्सिलनं 'डबे' असा नवा रकाना काढला आणि मग खोडरबर शोधू लागलो.

कलकल वळायचं काम माझ्याकडे आलं, कारण पूर्वी ते मुलं करायची. मैद्याच्या गोड पिठाची हरभऱ्याएवढी गोळी घ्यायची, नव्या कंगव्याच्या दातांवर अंगठ्यानं दाबून पसरायची आणि तशीच गुंडाळत सोडवायची, म्हणजे वर बारीक रेघा उठलेली छोटी सुरळी होते. होते म्हणजे बायकोची होते. माझी गोळी कंगव्याला मिठी मारून बसायची. नखानं खरवडून काढली की जे हाती येई, त्याला नाव नव्हतं. बायकोनं दोन पराती मांडल्या. एका परातीत तिचे. दुसऱ्या परातीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे डब्यांत नकोत. हे घरच्यांना होतील." म्हणजे आम्हा दोघांसाठी आखलेल्या नाताळात आम्हा दोघांच्या वाट्याला नक्की काय येणार, हे तरी निश्चित झालं. तेही टिकलं नाही. कॅरोलवाली पोरं गिटार घेऊन आली. कापसाच्या दाढीतला सांताक्लॉज घामानं थबथबला होता. त्यांनी तीन गाणी म्हटली आणि ती परात पुसून नेली. "अंकल, शंकरपाळे मस्त होते," असं सांताक्लॉज म्हणाला.

गोठ्याच्या बाबतीत तरी बायको ठाम होती. "फार पसारा नको. मारिया, योसेफ आणि बाळ. बस्स." संत फ्रान्सिसनं १२२३ साली ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला, तेव्हा खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं होतं, इतका सोस आम्हाला नव्हता. पण खोकं उघडलं तर हात तुटलेला मेंढपाळ वरच होता. त्याला कसा टाकणार? तो ठेवला म्हणून त्याच्या मेंढ्या. मेंढ्या आल्या म्हणून गवत. मग देवदूत, उंट, आणि मुलगा पाच वर्षांचा असताना त्यानं हट्टानं ठेवलेला प्लास्टिकचा डायनोसॉर, जो तेव्हापासून आमच्या बेथलेहेमचा कायमचा रहिवासी आहे. संध्याकाळपर्यंत मारियेला वळायला जागा उरली नाही.

"दोघांचं ठरलं होतं ना?" मी म्हटलं.

"पहिल्या नाताळाला तरी दुसरं काय झालं होतं?" ती गवत सारखं करत म्हणाली. "दोघंच होती बिचारी. जागा ती केवढी. तरी मेंढपाळ आले, न कळवता. मग राजे आले, उंटांसकट, तेही सहा जानेवारीला. मारियेनं कोणाला परत पाठवलं?"

"त्या राजांनी येताना सोनं आणलं होतं."

"तुझी मावशी सुके बोंबील आणतेय. काही बोलू नकोस."

शिवाय मुलीनं टोरांटोहून एक व्हिडिओ पाठवला होता. दोघांच्या जेवणासाठी टेबल कसं सजवावं. मेणबत्त्या, गुलाबाच्या पाकळ्या आणि घडी घालून हंसासारखा उभा केलेला कापडी रुमाल. मी दुपारभर रुमाल घेऊन बसलो. हंस करायला गेलो, बदक झालं. पण जोडी झाली, हेही नसे थोडके.

चोवीस तारखेला मध्यरात्रीच्या मिस्सेला आम्ही संध्याकाळी साडेसातला निघालो. परक्या माणसाला हे समजावून सांगणं कठीण जातं. मोकळ्या मैदानात लाउडस्पीकर लावायचा तर रात्री दहाच्या आत आटपावं लागतं, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा परिणाम. त्यामुळे आमचा प्रभू ख्रिस्त गेली कित्येक वर्षं वेळेआधीच जन्माला येतो. निघायच्या आधी बायकोनं फुग्यांचं पीठ भिजवलं. मैदा, अंडं, नारळाचं दूध. पूर्वी त्यात ताडी घालत. आता यीस्टची पुडी. माझ्या कागदाप्रमाणे पुडीचा एक दशांश घालायचा होता. "फोडलेली पुडी ठेवून काय तिचं लोणचं घालू?" असं म्हणत तिनं ती सगळी झटकली. टोपावर झाकण ठेवलं, झाकणावर वरवंटा.

मिस्सा छान झाली, प्रवचन लांबलं. खरा घात त्यानंतर झाला. मैदानात सगळे हात मिळवत, गळाभेट घेत उभे होते आणि बायको सवयीनं प्रत्येकाला म्हणत होती, "हॅपी ख्रिसमस! या ना घरी केक खायला!" मी कोपरानं ढोसलं तर म्हणाली, "म्हणायचं असतं रे. कोण येतंय?" समोरचाही म्हणायचं म्हणून म्हणे, "छे छे, तुम्ही दोघंच आहात, कशाला त्रास?" "त्रास कसला, दोघंच तर आहोत!" हे दोन्हीकडून इतक्या प्रेमानं चाललं होतं की कोण खरं बोलतंय हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

घरी येऊन दार उघडलं तर वरवंटा जमिनीवर होता. पीठ टोपातून बाहेर पडून ओट्यावरून शेगडीच्या दिशेनं निघालं होतं, आणखी अर्धा तास प्रवचन लांबतं तर ते बहुधा आम्हाला फाटकाशीच भेटलं असतं. आता तळण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बायकोनं नवीन साडीला ॲप्रन बांधला, हात पाण्यात बुडवला, मूठभर पीठ घेतलं आणि मूठ दाबली. अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा पांढरा गोळा वर आला. तो ओल्या बोटांनी खुडून तेलात सोडला की क्षणभर तळाशी बसतो, मग वर येतो, टम्म फुगतो आणि स्वतःचा स्वतः कूस बदलतो. तिचा हात चालू झाला की तो थांबत नाही. परात भरली, मग दुसरी परात, मग मी माळ्यावरून टोप काढला. मोठा.

तेवढ्यात टेबलावरच्या मेणबत्त्या मी पेटवल्या आणि दिवे मालवले. मुलीनं सांगितलंच होतं. दोन ताटं, दोन पेले, दोन बदकं शिजवलेली आणि दोन रुमालाची. खुर्चीत बसणार, तोच फाटक वाजलं. समोरच्या काकू, मागे काका.

"तुमची पण गेली का लाइट?"

"नाही, आहे."

"मग अंधारात का बसलाय?" उत्तराची वाट न बघता काकांनी बटण दाबलं आणि काकूंनी मेणबत्त्यांवर फुंकर घातली. "अशुभ दिसतं हो. आणि तेही दोघंच असताना."

ते बसले. त्यांच्या मागून मावशी रिक्षातून उतरली, बोंबलांसकट. बरोबर मावशीला सोडायला आलेला भाचा, भाच्याची बायको आणि ती दोघं घरी एकटी नकोत म्हणून आणलेली मुलं. मग मिस्सेतली मंडळी, "पाचच मिनिटं हं" म्हणत. कॅरोलवाली पोरं, घुमट वाजवत. तिसऱ्या मजल्याचं शाकाहारी कुटुंब डबा परत द्यायला म्हणून आलं आणि केकसमोर थबकलं. "हा बिनअंड्याचाच ना?" बायकोनं त्यांचा वेगळा केक काढून दिला. तिसऱ्या मजल्याच्या साहेबांनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला. "आत नक्की काय आहे? फारच बरं वाटतंय." "मनुका," बायको म्हणाली. खोटं नव्हतंच ते.

खुर्च्या संपल्या तेव्हा लोक जिन्यावर बसले. ताटं संपली तेव्हा दिवाळीच्या डब्यांची झाकणं निघाली. वहिनींच्या दोन किलोवाल्या झाकणात भाच्याच्या पूर्ण कुटुंबाचं जेवण मावलं. साडेदहाला मुलीचा फोन आला, तिच्याकडे भर दुपारचे बारा होते. गर्दीत मला तो ऐकूच आला नाही, नंतर तिचा निरोप पाहिला : 'कँडललाइटमध्ये बिझी आहात वाटतं! डिस्टर्ब करत नाही.' मी सारपातेलाचं पातेलं घेऊन वाढत फिरत होतो आणि माझ्या मागून बायकोचा आवाज येत होता, "घ्या ना आणखी! आम्ही दोघंच आहोत, आम्हाला संपणार आहे का?" तीन किलो संपलं. बदकांची जोडी शेवटपर्यंत एकत्र होती. मला मोयलीतला एक बटाटा मिळाला आणि तो चांगला होता.

साडेबारा वाजता मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मेलबर्नला सकाळचे सहा. बायकोनं फोन माझ्या हातातून हिसकावला, मागच्या न्हाणीघराच्या पॅसेजमध्ये गेली, ॲप्रन सोडून केस जरा विस्कटले, भिंतीला टेकली आणि मग हिरवं बटण दाबलं. मी दाराआडून पाहत होतो. चाळीस वर्षांत इतका थकलेला चेहरा मी तिचा पाहिला नव्हता. आत्ता पाच मिनिटांपूर्वी ती भाच्याबरोबर नाचत होती.

"हॅपी ख्रिसमस, मम्मी! जेवलात?"

"हो रे. दोन घास खाल्ले. बसलोय आपले."

"दोघंच?"

"दोघंच. आणखी कोण असणार?"

"फुग्या संपल्या का गं?" मावशीचा आवाज उत्तनपर्यंत गेला.

"ते कोण बोललं?"

"टीव्ही."

"आणि हा घुमट?"

"टीव्हीच रे. आम्हाला आता दुसरा आधार कोण?"

तिकडे बराच वेळ शांतता. मग मुलगा घसा खाकरून म्हणाला, "मम्मी, पुढच्या वर्षी नक्की. तिकीट जूनमध्येच काढून ठेवतो. खरंच."

"बघ बाबा. तुला जमेल तसं." तिनं डोळ्याच्या कडेला बोट नेलं, आणि फोन बंद होताच ते बोट हातातल्या ॲप्रनला पुसलं, पीठ होतं. बाहेर येऊन तिनं आधी गॅस मोठा केला, मग मावशीपुढे उभी राहिली.

"मावशी, त्याचा परत फोन आला तर लक्षात ठेवा, तुम्ही टीव्ही आहात."

"बरं," मावशी म्हणाली. "टीव्हीला आणखी चार फुग्या वाढ."